अमेरिकेतले बंदुकीचे बळी म्हणजे सगळे खूनच?

बातम्या बघून आपण धरून चालतो की अमेरिकेत बंदुकीने माणूस गेला म्हणजे खून झाला, नाहीतर शाळेत गोळीबार. आकडे निराळंच सांगतात. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने सुमारे ४८,८०० जण गेले. त्यांतल्या २६,००० हून जास्त आत्महत्या होत्या.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘ज्याला मरायचंय तो दुसरा मार्ग शोधेलच.’ साफ चूक. ती ऊर्मी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते, आणि प्रयत्नातून वाचलेले बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. तेवढा वेळ बंदूक हाताशी नसली तर जीव वाचू शकतो. म्हणून तिथले काही डॉक्टर रक्तदाब तपासता तपासता (पोलिसी वाटलं तरी) विचारतात: घरात बंदूक आहे का? कुलपात असते का? आणि किल्ली कोणाकडे?