आधी चकाकी, मग कड, रंग शेवटी

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला की हौशी शिकारी बंदुकीचा दस्ता, धनुष्याची मूठ, बदकांसाठीची बोट घरीच स्प्रेने रंगवून घेतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. पण हीच कारागिरी माळरानावर चिंकारा किंवा चंडोल कॅमेऱ्यात टिपणाऱ्याच्या ट्रायपॉडला, लेन्सच्या आवरणाला आणि लपणाला, म्हणजे छायाचित्रकार आत लपून बसतो त्या कापडी आडोशाला, लागू पडते. बाजारातलं हिरव्या पानांचं छापील कापड गुंडाळलं की काम झालं, हा समज मात्र आधी सोडावा. सुप्याच्या किंवा नान्नजच्या माळावर पावसाळा सरला की कुसळी आणि पवन्या ही गवतं वाळून पेंढ्याच्या रंगाची होतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तशीच राहतात. वर्षातला बहुतेक काळ तिथे हिरवं कापडच सगळ्यात उठून दिसतं.

बघणारा कोण, यावर सगळं ठरतं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. हरणं, शेळ्या, गायी यांच्या डोळ्यात दोनच: एक निळ्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देणारी, दुसरी हिरव्याला. म्हणूनच अमेरिकी शिकारी एकमेकांची गोळी लागू नये म्हणून भडक केशरी जाकीट घालतात, तरी हरणाला ते आपल्याइतकं भडक दिसत नाही. पक्ष्यांचं उलट आहे. त्यांच्याकडे चार प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि अनेकांना अतिनील प्रकाशही दिसतो.

यातून दोन गोष्टी निघतात. खुरांच्या प्राण्यांसाठी रंगाची छटा थोडी चुकली तरी चालते, उजळपणा चुकून चालत नाही. रंगवलेला पुठ्ठा गवतात ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. त्यात पुठ्ठा वेगळा दिसला तर रंग फार गडद किंवा फार फिका आहे. दुसरी गोष्ट धुलाईची. बहुतेक डिटर्जंटमध्ये कपडे शुभ्र दिसावेत म्हणून घातलेली रसायनं अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, आणि निळा तर हरणांना चांगलाच दिसतो. नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली कापड अंधारात निळं चमकलं, तर ते कापड लपणाला वापरू नये. धुण्यासाठी साधं पाणी किंवा रिठा पुरे.

रंगापेक्षा मोठा शत्रू म्हणजे चकाकी. गुळगुळीत पृष्ठभाग सूर्यप्रकाश एकाच दिशेला परतवतो आणि ती तिरीप कितीतरी लांबून कळते. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, रंगात सिलिकासारखी बारीक पूड असते. तिच्यामुळे वाळलेला थर सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो आणि प्रकाश चहूकडे विखुरतो. तेव्हा कॅनवर ‘मॅट’ लिहिलेलं नसेल तर छटा कितीही सुंदर असो, घेऊ नये. मॅट छटा मिळालीच नाही तर साधा रंग मारून वर मॅट क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी मॅट थराचा, एक हात द्यावा.

चकाकीनंतर कड. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली कागदी त्रिकोणांचे बनावट पतंग करून, त्यांना अळ्या जोडून ओकच्या खोडांवर लावले. ज्यांचे ठिपके पंखांच्या कडेवरून बाहेर जात होते, ते पक्ष्यांच्या तावडीतून जास्त वाचले. तसेच ठिपके आतल्या आत असलेले त्यामानाने कमी. घरी रंगवणारा नेमकी हीच चूक करतो: मधोमध सुबक पानं काढतो आणि बाह्यरेषा अखंड ठेवतो. प्रत्येक पट्टा कडेवरून पलीकडे गेलाच पाहिजे.

ठिपक्याच्या आकाराचं गणित सोपं आहे. चांगल्या नजरेचा माणूस साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक ओळखतो. ३० मीटरवर हा फरक जेमतेम ९ मिलिमीटरचा होतो. त्याहून बारीक नक्षी एकमेकांत मिसळून एकसुरी चिखलासारखी दिसते. हरणाची नजर बारकाव्यात आपल्याहून कमी, म्हणजे नक्षी आणखी ढोबळ हवी. दीड मीटर उंचीच्या लपणावर १५ ते ३० सेंटिमीटरचे पट्टे, ट्रायपॉडच्या पायावर ८ ते १२ सेंटिमीटर लांबीचे वेडेवाकडे आडवे पट्टे ठीक. दुकानातल्या छापील कापडावरची पानं जवळून फार खरी वाटतात, ती खरं तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यासाठी असतात.

आता अॅल्युमिनिअमचा ट्रायपॉड. ४०० मिलिलिटरचे तीन कॅन लागतात: पेंढ्यासारखा फिका, मातकट तपकिरी आणि काळपट राखाडी. शिवाय सेल्फ-एच (self-etch) प्रायमरचा, म्हणजे धातूला घट्ट धरणाऱ्या अस्तर-रंगाचा, एक. हेड, म्हणजे कॅमेरा बसतो तो वरचा भाग, काढून ठेवावं. पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. रॉकेल वापरू नये, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि पुढे पोपडे निघतात. मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने चमक जाईपर्यंत हलकं घासायचं. कार्बन फायबर असेल तर अगदी वरवर, धागे उघडे पडता कामा नयेत. सांधे, लॉक, आटे मास्किंग टेपने झाकायचे. रंग फक्त सगळ्यात वरच्या नळीला द्यावा. आत सरकणाऱ्या नळ्यांवर थर चढला की त्या लॉकमध्ये अडकतात आणि रंग खरवडून आत भुकटी साठते. त्यांच्यासाठी कापडी बाही शिवलेली बरी.

प्रायमरचा एक पातळ हात, मग फिक्या रंगाचे दोन पातळ हात, मध्ये १० ते १५ मिनिटं. कॅन २५ सेंटिमीटरवर धरावा, नळीच्या बाहेर फवारा सुरू करून पलीकडे जाऊन थांबवावा. जवळून मारला तर ओघळ येतात. फार लांबून किंवा मे महिन्याच्या दुपारी मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि बोटाला भुकटी लागते. कोकणातल्या पावसाळी हवेत वेगळीच गंमत होते: द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि रंगावर दुधी झाक येते. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन हलवूसुद्धा नये.

नक्षीसाठी वाळक्या कुसळीच्या काड्या नळीवर तिरक्या धरून वरून तपकिरी फवारायचा. काड्यांखाली फिका रंग तसाच राहतो. जागा बदलून काळपट रंगाने पुन्हा तेच, पण थोडक्यात. काळा वाढला की सगळं लांबून गडद दिसतं. दोन हातांमधली वेळ कॅनवर लिहिलेली असते, ती पाळावी. बऱ्याच एनॅमल रंगांवर ‘तासाभरात किंवा दोन दिवसांनी’ अशा धर्तीची सूचना असते. मधल्या काळात खालचा थर अर्धवट घट्ट असतो. नवं द्रावक आत शिरून तो फुगतो आणि सुरकुत्या पडतात.

लेन्स आणि कॅमेऱ्यावर थेट स्प्रे मारू नये. बऱ्याच कॅमेऱ्यांची बॉडी पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते आणि स्प्रेमधल्या द्रावकांनी त्याला बारीक तडे जाऊ शकतात. मोठ्या लेन्सचा पांढरा रंगही उगाच नसतो, उन्हात नळी कमी तापावी म्हणून तो असतो. त्याऐवजी जाड सुती किंवा निओप्रीनचं (रबरासारख्या कापडाचं) आवरण शिवून ते रंगवावं. इथे चिंकाऱ्याची युक्ती कामी येते: पाठ गडद, पोट पांढरं. वरून ऊन पडल्यावर पाठ उजळते, पोट सावलीत जातं आणि गोलाई सपाट भासते. अमेरिकी चित्रकार अॅबट थायर याने १८९६ साली हे तत्त्व मांडलं. आवरणाची वरची बाजू एक छटा गडद आणि खालची फिकी ठेवली की आडवी नळी नळीसारखी दिसत नाही. पुढच्या काचेची तिरीप हूडने, म्हणजे लेन्सच्या तोंडावरच्या झापेने, बऱ्यापैकी अडते.

लपणासाठी गोणपाटासारखं दुसरं कापड नाही. ते स्वस्त आहे, मुळातच मॅट आहे आणि रंगाने माळाच्या जवळचं आहे. पण विरळ विणीतून मागचा उजेड आला की आत बसलेल्याची सावली हलताना दिसते, आणि एवढ्याने सगळी नक्षी फुकट जाते. आतून काळ्या सुती कापडाचं अस्तर लावावं, आत गडद कपडे घालावेत आणि समोरासमोर दोन खिडक्या कधीच ठेवू नयेत. कापड ताणून बांधावं, फडफडलं तर प्राणी आधी तिकडेच बघतो. अभयारण्यात लपण लावायला वन विभागाची परवानगी लागते. घरट्यापाशी तर लावूच नये. पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणं कायद्याच्या लेखी शिकारीतच मोडतं.

रंगवलेलं सामान आठवडाभर वाऱ्यावर ठेवावं, हरणांचं नाक डोळ्यांहून तिखट असतं. उरलेले कॅन उन्हातल्या गाडीत ठेवू नयेत, ५० अंशांच्या वर ते फुटण्याचा धोका असतो. हात लागून लागून मॅट थरही घासला जातो आणि पुन्हा चमकू लागतो, सगळ्यात आधी पाय उघडताना धरतो त्या जागी. तेवढ्याच भागावर स्पंजने मॅट अॅक्रिलिकचा ठिपका दिला की भागतं. पूर्ण ट्रायपॉड पुन्हा रंगवत बसलं तर थर जाड होऊन पोपडे सुटतात.