खदिरादी वटी

खैराच्या गाभ्याचा काढा आटवून त्यात तुरट व सुगंधी द्रव्यांची पूड घालून वळलेली, तोंडात धरून ठेवायची आयुर्वेदीय गोळी. खदिरादी गुटिका, खदिर गुटिका ही हिचीच ग्रंथांतरीची नावे. तोंड येणे, हिरड्या सुजणे, मुखदुर्गंधी, घसा बसणे या तक्रारींवर ती सर्रास वापरली जाते. मुखरोगांची संख्या सुश्रुताने ६५ व वाग्भटाने ७५ दिली आहे. ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू व घसा या सर्वांचे विकार त्यात येतात.

पाठाचे मूळ : या गुटिकेचा विस्तृत पाठ (घटक व कृती सांगणारा मूळ मजकूर) चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील त्रिमर्मीय या सव्विसाव्या अध्यायात आहे. म्हणून ती ‘चरकोक्त’ म्हटली जाते, पण हे विधान जपून करावे लागते. चिकित्सास्थानाचे १७ अध्याय आणि कल्प व सिद्धी ही स्थाने दृढबल या नंतरच्या संस्कर्त्याने पूर्ण केल्याचे संहितेतच नमूद आहे. हे १७ अध्याय कोणते, याबद्दल टीकाकारांत व मुद्रित आवृत्त्यांत एकवाक्यता नाही. काही जण उरलेले, म्हणजे चरकाचे, १३ अध्याय ओळीने पहिले तेरा धरतात. चक्रपाणिदत्त या टीकाकाराच्या परंपरेत पहिल्या आठांखेरीज अर्श, अतिसार, विसर्प, मदात्यय व द्विव्रणीय हे पाच चरकाचे ठरतात. यांपैकी कोणताही पक्ष घेतला, तरी त्रिमर्मीय अध्याय दृढबलाकडेच जातो. दृढबलाचा काळ साधारणतः इ. स. चौथे-पाचवे शतक मानतात. काही अभ्यासक तो आणखी अलीकडे आणतात. मात्र यावरून गुटिकाच त्या शतकातली, असे म्हणणे घाईचे होईल. शेतात सांडलेली कणसे वेचावीत तशी अनेक तंत्रांतून आपण भर वेचून घातली, असे दृढबल स्वतःच सांगतो. त्यामुळे पाठ त्याच्याही आधीचा असण्यास पुरेशी जागा आहे.

घटक व कृती : चरकसंहितेच्या पाठात खदिरसार १ तुला आणि अरिमेद २ तुला घेऊन ती धुऊन, ठेचून ४ द्रोण पाण्यात उकळतात (तुला, द्रोण ही जुनी मापे). १ द्रोण उरला की काढा गाळून मंद आचेवर दाट करतात. मग चंदन, वाळा, मंजिष्ठ, धायटी, नागरमोथा, ज्येष्ठमध, लाख, रसांजन, जटामांसी, त्रिफळा, लोध्र, दोन्ही हळदी, वेखंड, गेरू इत्यादींची प्रत्येकी १ अक्ष पूड घालतात. लवंग, कंकोळ वगैरे सुगंधी द्रव्ये १-१ पल. कापूर १ कुडव, तोही भांडे उतरून पाक निवल्यावरच. गरम पाकात घातलेला कापूर उडून जातो, हे यामागचे साधे कारण. आजच्या प्रमाणित मापांत १ पल ४८ ग्रॅम धरतात. त्या हिशेबाने तुला (१०० पले) ४.८ किलोग्रॅम, अक्ष १२ ग्रॅम व कुडव १९२ ग्रॅम होतो.

‘खदिरसार’ म्हणजे काय, हा जुना वाद आहे. काहींच्या मते तो तयार कात, काहींच्या मते जुन्या खोडाच्या पोकळीत साठणारा फिकट पदार्थ (खैरसाल), तर काहींच्या मते खैराचे गाभ्याचे लाकूड. ‘धुऊन, ठेचून’ ही सूचना या वादात निर्णायक वाटते. कात पाण्याने धुवायला घेतला तर तो विरघळू लागेल; धुणे आणि ठेचणे लाकडालाच लागू पडते. तयार कातापासून केलेल्या गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत, पण त्यांना मूळ पाठाची गुटिका म्हणता येणार नाही.

‘अरिमेद’ हे नाव काही वनस्पतिकोश देवबाभळीला, म्हणजे व्हॅचेलिया फार्नेसियानाला लावतात. ते झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले समजले जाते. ते मत खरे असेल तर दृढबलाच्या पाठात ते येणे अवघड. दख्खनच्या माळावर सर्वत्र आढळणारा हिवर हाच अरिमेद मानणे अधिक सयुक्तिक.

लहान पाठ : चक्रदत्त या चिकित्साग्रंथात, म्हणजे अकराव्या शतकाच्या सुमारास, एक आटोपशीर पाठ मिळतो : खैराच्या काढ्यात जाती, कापूर, पूग (सुपारी) आणि कंकोळ. यातील ‘जाती’चा सरळ अर्थ जाई, आणि तोंड आले असता जाईचा पाला चावणे हा परिचित उपचार आहे, त्यामुळे काही जण येथे जाईच घेतात. तथापि कापूर, कंकोळ, लवंग, सुपारी व जायफळ हा ‘पंचसुगंधिक’ गण निघंटूंत (औषधिद्रव्यांच्या कोशांत) ठरलेला आहे, आणि श्लोकातील शेजार नेमका त्यातला आहे. तेव्हा जायफळ हा अर्थ अधिक जुळतो.

नाशिक परिसर : खैर (सेनेगॅलिया कॅटेचू) जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांतील पानझडी जंगलात उगवतो, हिवर पूर्वेकडच्या कोरड्या माळरानावर. एकाच गोळीची दोन मुख्य झाडे अशी जिल्ह्याच्या दोन टोकांना आहेत. खैराचे तुकडे उकळून कात काढणे हा कातकरी (काथोडी) समाजाचा परंपरागत धंदा, नावही त्यावरूनच पडले. वननियम कडक झाले तसा तो मागे पडला. चोरटी तोड मात्र थांबली नाही, आणि गाभा धरलेली जुनी झाडे त्यातच जातात. पंचवटीतील गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून नाशकातच आहे.

नाशकातल्या कडाक्याच्या थंडीत या गोळीची आठवण हटकून होते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी येतात. रात्रभर भजन करून घसा धरलेल्या टाळकऱ्याला कुणीतरी पुढे केलेली काळपट-तांबूस गोळी पहिल्यांदा जिभेला कडू-तुरट लागते, गाल आत ओढल्यासारखे होतात, थुंकी तांबूस होते. मग कापराचा गारवा घशात उतरतो. ती चावू नये. ‘आस्येन धारयेत्’, तोंडात धरावी, एवढेच संहिता सांगते, आणि सारा गुण त्या हळूहळू विरघळण्यात आहे. काष्ठौषधीच्या दुकानात मागताना पूर्ण नाव घ्यावे. नुसते ‘काताचे औषध’ म्हटले तर बाळंतिणीचा कातबोळ हाती येऊ शकतो. बाटली उघडताच कापराचा वास आला नाही, तर माल जुना समजावा.

गुण व मर्यादा : कातातील कॅटेचिन व टॅनिन ही द्रव्ये श्लेष्मल त्वचा आकसवतात, रक्त थांबणे व सूज उतरणे यांचा उलगडा बराचसा त्यावरून होतो. लहान पाठातील सुपारीबाबत आज सावध राहायला हवे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी कर्करोगकारक ठरवली आहे. गोळीतले प्रमाण अल्प असले, तरी ज्यांचे तोंड पुरते उघडत नाही किंवा ज्यांना गुटख्याची सवय आहे, त्यांनी सुपारीविरहित पाठच घ्यावा. कापरामुळे लहान मुलांना ही गोळी वैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम गोळ्यांवर न ठेवता तज्ज्ञाला दाखवावी. चरकसंहितेच्या त्याच त्रिमर्मीय अध्यायात याच द्रव्यांचे खदिरादी तेलही सांगितले आहे; त्याचा वापर आज तुलनेने कमी आढळतो.