पंचवीस मिलिग्रॅम आणि सहा तास : सायकेडेलिक मानसोपचाराची पार्श्वभूमी

सायलोसायबिन हे काही अळंबींत सापडणारं, जाणिवा बदलणारं म्हणजेच सायकेडेलिक द्रव्य. आजच्या चाचण्यांमधलं त्याचं सत्र साधारण असं असतं. आधी काही बैठका होतात. त्यांत ओळख, आजाराचा इतिहास आणि त्या दिवशी काय काय होऊ शकतं याची कल्पना दिली जाते. सत्राच्या दिवशी २५ मिलिग्रॅमची एकच मात्रा. रुग्ण आडवा, डोळ्यांवर पट्टी, कानांवर आधी ठरवलेलं संगीत आणि खोलीत पूर्ण वेळ प्रशिक्षित माणसं. अर्ध्या तासाच्या आसपास परिणाम जाणवू लागतो, दीड-दोन तासांत शिगेला पोचतो, सहाएक तासांत ओसरतो. पुढच्या दिवसांत पुन्हा बैठका. त्या वेळी जे दिसलं, जे आठवलं, त्याची रोजच्या जगण्याशी सांगड घालायला मदत करायची. ही मांडणी कुणी एका बैठकीत आखलेली नाही. ती तुकड्यातुकड्यानं जमत गेली आहे आणि त्यातले बरेच तुकडे आधी काहीतरी बिघडलं म्हणून आले आहेत.

रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सँडोझ या औषध कंपनीत १९३८ मध्ये एलएसडी हे दुसरं सायकेडेलिक द्रव्य तयार केलं, पण त्याचा मनावरचा परिणाम कळायला एप्रिल १९४३ उजाडलं. १९ एप्रिलला त्यांनी स्वतः २५० मायक्रोग्रॅम घेतलं. त्यांच्या मते ही सावध मात्रा होती. प्रत्यक्षात ती आजच्या हिशेबानं भरपूर होती. १९४७ पासून सँडोझनं ते ‘डेलिसिड’ या नावानं मनोविकारतज्ज्ञांना पुरवायला सुरुवात केली. २५ मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आणि १०० मायक्रोग्रॅमच्या कुप्या मिळत. सोबतच्या माहितीपत्रकात दोन उपयोग दिले होते : चिंता आणि मंत्रचळ यांसारख्या विकारांत दडपलेल्या आठवणी वर यायला मदत करणं, आणि डॉक्टरनं स्वतः घेऊन मनोविकृतीचा अनुभव समजून घेणं. दुसरा उपयोग वाचून आज भुवया उंचावतात, पण तेव्हा तो गांभीर्यानं सुचवलेला होता.

इथून दोन वाटा फुटल्या. युरोपात कमी मात्रा, पुन्हा पुन्हा. इंग्लंडमधल्या पॉविक रुग्णालयात रोनाल्ड सँडिसन यांनी १९५० च्या दशकात एलएसडीसाठी वेगळा विभाग चालवला. अनेक आठवडे सत्रं चालत आणि त्यांच्या जोडीला मनोविश्लेषणाची नेहमीची चर्चा असे. पद्धत सौम्य वाटते, पण काही रुग्णांना त्यातून कायमचा त्रास झाल्याच्या तक्रारी राहिल्या. २००२ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं ४३ माजी रुग्णांशी न्यायालयाबाहेर तडजोड करून भरपाई दिली. जुन्या काळाचं गोडवे गाणारं वर्णन वाचताना हा आकडा जवळ ठेवावा.

दुसरी वाट कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातली, आणि तिची सुरुवात चुकीच्या गृहीतकातून झाली. हम्फ्री ऑस्मंड आणि एब्रम हॉफर या मनोविकारतज्ज्ञांनी पाहिलं होतं, की दारू सुटताना होणाऱ्या भयंकर भ्रमावस्थेनंतर काही जण हादरून दारू सोडतात. एलएसडीनं तशीच भीती मुद्दाम निर्माण करावी, असा बेत होता. रुग्ण घाबरले नाहीत. उलट स्वतःच्या आयुष्याकडे लांबून पाहता आलं, असं ते सांगू लागले. मग भीती बाजूला पडली आणि खोलीकडे लक्ष गेलं : आरामशीर जागा, संगीत, विश्वासाचं माणूस, एकच मोठी मात्रा. २०० मायक्रोग्रॅम आणि त्याहून जास्त.

या काळातला सगळ्यात बोलका प्रसंग टोरांटोचा. तिथल्या व्यसनसंशोधन संस्थेला सस्कॅचेवानचे दावे कडक कसोटीवर तपासायचे होते. १९६० च्या दशकाच्या मध्याला त्यांनी रुग्णांना ८०० मायक्रोग्रॅम दिलं, म्हणजे जबरदस्त मात्रा. पण रुग्णाला पट्ट्यानं पलंगाशी बांधलं होतं, आणि बाकीची ऊब त्यांनी ‘औषधाबाहेरचा घटक’ म्हणून काढून टाकली होती. एलएसडीचा खास फायदा दिसला नाही. औषधच तपासायचं तर बाकी सगळं काढून टाकायला हवं, हा त्यांचा युक्तिवाद. बाकी सगळं काढलं तर तो उपचारच उरत नाही, हा सस्कॅचेवानचा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. तो वाद अजून मिटलेला नाही.

सायकेडेलिक संशोधन हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आणि या द्रव्यांचे प्रचारक टिमथी लिअरी यांच्या उठवळपणामुळे बुडालं, ही प्रचलित कथा निम्मी खरी आहे. हार्वर्डनं १९६३ मध्ये त्यांना काढलं, औषध रस्त्यावर आलं, वर्तमानपत्रं भडकली. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेनं १९५३ पासून लोकांना न सांगता एलएसडी दिल्याचं प्रकरण पुढे उघड झालं, तेव्हा संशय आणखी वाढला. पण मुळावरचा घाव त्याआधीच बसला होता. थॅलिडोमाइड हे औषध गर्भवतींनी घेतल्यानं हजारो बाळं व्यंगांसह जन्मली. त्या दुर्घटनेनंतर अमेरिकेत १९६२ साली कायदा बदलला, आणि औषध सुरक्षित असण्याबरोबरच ते गुणकारी असल्याचं नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध करणं बंधनकारक झालं. कायदा योग्यच होता. पण आदर्श चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही खरं औषध कुणाला मिळालं हे कळता कामा नये. एलएसडी घेतलेल्या माणसाला तासाभरात सगळं कळतं, शेजारी बसलेल्यालाही कळतं. सँडोझनं १९६५ मध्ये पुरवठा थांबवला. १९७० चा अमेरिकी कायदा आणि १९७१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार यांनी ही द्रव्यं सर्वांत कडक यादीत टाकली. बॉल्टिमोरजवळच्या स्प्रिंग ग्रोव्ह रुग्णालयात कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांवरचं काम काही वर्षं तग धरून होतं. डोळ्यांवर पट्टी आणि टप्प्याटप्प्यानं निवडलेलं संगीत ही आजची पद्धत बरीचशी तिथूनच आली आहे.

एमडीएमएचा, म्हणजे रस्त्यावर ‘एक्स्टसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याचा, प्रवास वेगळा. १९१२ मध्ये मर्क कंपनीनं त्याचं पेटंट नोंदवलं आणि ते विसरलं गेलं. १९७० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर शुल्गिन यांनी ते पुन्हा तयार केल्यावर अमेरिकेत काही मानसोपचारतज्ज्ञ गाजावाजा न करता ते वापरू लागले. भ्रम जवळजवळ नाहीत, भीती मात्र कमी होते, त्यामुळे आघाताबद्दल बोलणं शक्य होतं. १९८५ मध्ये त्यावर बंदी आली आणि पुढच्याच वर्षी रिक डॉब्लिन यांनी ‘मॅप्स’ ही संस्था काढली. हेतू सरळ होता : औषध-नियामकाच्या दारातूनच परत आत जायचं.

त्या दारापर्यंत पोचायलाच तीन दशकांहून जास्त काळ लागला. दरम्यान अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रोलंड ग्रिफिथ्स यांचा निरोगी स्वयंसेवकांवरचा सायलोसायबिनचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१६ मध्ये हॉपकिन्स (५१ रुग्ण) आणि न्यूयॉर्क विद्यापीठ (२९ रुग्ण) यांनी कर्करोगासोबतचं नैराश्य आणि चिंता यांवरचे निष्कर्ष मांडले. २०२२ च्या मोठ्या चाचणीत उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांना १, १० किंवा २५ मिलिग्रॅम दिलं. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमचा गट १ मिलिग्रॅमच्या गटापेक्षा स्पष्ट पुढे होता, १० मिलिग्रॅमचा नव्हता. बारा आठवड्यांपर्यंत सुधारणा टिकलेले मात्र २५ मिलिग्रॅमच्या गटातही पाचातले एक.

चाळणी कडक का असते, हेही याच काळात पक्कं झालं. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया असेल तर प्रवेश नाही, बहुतेक चाचण्यांत बायपोलर विकारालाही नाही. बायपोलर विकारावरचं लिथियम चालू असताना सायलोसायबिन घेतल्यास झटके येण्याचा धोका असतो. एमडीएमए आणि एमएओ रोधक या गटातली नैराश्यावरची जुनी औषधं एकत्र आली तर जिवावर बेतू शकतं. एमडीएमएनं रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढतो, म्हणून हृदयाची तपासणी आधी. नेहमीची नैराश्यविरोधी औषधं परिणाम बोथट करतात म्हणून ती निदान दोन आठवडे आधी बंद करायची, त्यांतलं फ्लुऑक्सेटिन त्याहून बरंच आधी. आणि नेमकी इथेच पंचाईत होते, कारण औषध सोडण्याचा त्रास आणि मूळ आजार एकदमच डोकं वर काढतात. हे काम डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करायचं नाही. खोलीत दोन उपचारक ठेवण्याची प्रथाही निव्वळ सोयीसाठी नाही. त्या अवस्थेत रुग्ण नाही म्हणू शकेल याची खात्री नसते. एमडीएमएच्या एका चाचणीत उपचारकांनी रुग्णाशी केलेलं गैरवर्तन उघड झालं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकानं त्या केंद्राची माहिती वापरलेले तीन शोधनिबंध मागे घेतले.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध-नियामकानं एमडीएमएला मंजुरी नाकारून आणखी एक चाचणी मागितली. वरवर पाहता आकडे चांगले होते : १०४ रुग्णांच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत औषधाच्या गटातले ७१ टक्के आघातोत्तर तणाव विकाराच्या निदानातून बाहेर पडले, निष्क्रिय गोळी आणि तीच उपचारसत्रं मिळालेल्या गटातले ४८ टक्के. पण आपल्याला काय मिळालं हे बहुतेकांनी ओळखलं होतं, आणि किती श्रेय औषधाचं, किती अपेक्षेचं, किती संवादाचं, हे सांगता येत नव्हतं. सल्लागार समितीनं जूनमध्येच परिणामकारकतेच्या प्रश्नावर ९ विरुद्ध २ असा विरोधी कौल दिला होता.

नियामकाची अडचण एवढीच नाही. तो औषधाला परवाना देतो, मानसोपचाराच्या पद्धतीला नाही. त्यामुळे सायलोसायबिनच्या कंपन्या आता सत्रातल्या संवादाला ‘उपचार’ न म्हणता ‘मानसिक आधार’ म्हणतात आणि तो कमीत कमी ठेवतात, म्हणजे श्रेय गोळीच्या खात्यात जमा होतं. ऑस्ट्रेलियानं वेगळा मार्ग धरला : १ जुलै २०२३ पासून नीतिसमितीची मंजुरी आणि नियामकाची परवानगी मिळालेले मनोविकारतज्ज्ञ आघातोत्तर तणावासाठी एमडीएमए आणि हटवादी नैराश्यासाठी सायलोसायबिन देऊ शकतात, आणि मंजुरी मागताना औषधासोबत संपूर्ण उपचारपद्धत मांडावी लागते. अमेरिकेतल्या ऑरेगॉननं तर रुग्ण हा शब्दच वगळला. तिथे २१ वर्षं पूर्ण झालेला जवळजवळ कुणीही परवानाधारक केंद्रात सायलोसायबिन घेऊ शकतो, निदान लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. तयारीची बैठक मात्र तिथेही सक्तीची आहे.