‘अ’ची किंमत येईपर्यंत थांबा

मॅथेमॅटिका या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटं फंक्शन लिहू. त्याला ‘अ’ ही संख्या द्यायची. ते ‘ई’ या संख्येचा (साधारण २.७१८) ‘उणे अ गुणिले क्षचा वर्ग’ इतका घात घेतं आणि ० ते १ मधलं त्या वक्राखालचं क्षेत्रफळ परत देतं. हे क्षेत्रफळ नेहमीच्या साध्या सूत्रांत बसत नाही, म्हणून सॉफ्टवेअर वक्रावरच्या अनेक बिंदूंवर किमती काढून त्यांची बेरीज करतं. अ = १ दिलं तर ०.७४६८ येतं, अ = ४ दिलं तर ०.४४१०. सगळं सुरळीत.

आता उलटा प्रश्न: ‘अ’ किती असताना क्षेत्रफळ बरोबर ०.५ होतं? मूळ, म्हणजे समीकरण खरं करणारी किंमत, शोधणाऱ्या आदेशाला हे फंक्शन दिलं की लाल अक्षरांत तक्रार येते, की ज्याचं इंटिग्रेशन (म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ काढणं) करायचंय त्याची किंमत एकाही नमुना बिंदूवर संख्या आली नाही. पुष्कळदा या तक्रारीच्या खाली उत्तरही आलेलं असतं (ते साधारण ३.०६ आहे), पण त्यावर भरवसा ठेवायचा की नाही ते कळत नाही. मी पहिल्यांदा यात अडकले तेव्हा माझ्या दोन संध्याकाळी इंटिग्रेशनची पद्धत बदलून बघण्यात गेल्या. बिंदू वाढवले, अचूकता वाढवली, वक्राचे तुकडे करून पाहिले. दोष तिथे नव्हताच.

शाळेत आपण बीजगणित शिकतो तेव्हा ‘क्षची किंमत काढा’ म्हणतो. किंमत निघेपर्यंत क्ष हे नुसतं अक्षर असतं, आणि तसं असणं हा काही गुन्हा नाही. मॅथेमॅटिका हे मुळात अशा अक्षरांशी खेळणारं सॉफ्टवेअर आहे. १९८८ साली ते बाजारात आलं तेव्हापासून त्याचा गाभाच तो आहे. मूळ शोधणारा आदेश न्यूटनच्या पद्धतीसारखी काही रीत वापरतो आणि त्यासाठी त्याला फंक्शनचा उतार हवा असतो. तो सूत्रानं मिळाला तर उत्तमच, म्हणून तो आधी ‘अ’ला कुठलीच किंमत न देता, अक्षर तसंच ठेवून फंक्शनला हाक मारून बघतो. आपलं फंक्शन बिचारं लगेच कामाला लागतं. क्षच्या जागी ०.१, ०.२ असे आकडे येतात, पण ‘अ’ अजून अक्षरच आहे. त्याची बेरीज काय होणार? तक्रार तिथून येते.

उपाय एका शब्दाचा आहे. फंक्शनच्या व्याख्येत ‘अ’च्या पुढे एक प्रश्नचिन्ह टाकायचं आणि त्यापुढे न्यूमरिक-क्यू हे नाव लिहायचं. शेवटचा क्यू म्हणजे प्रश्न. मॅथेमॅटिकात हो किंवा नाही उत्तर देणाऱ्या बहुतेक तपासण्यांची नावं अशीच संपतात. आता ‘अ’ अक्षर असताना हाक आली, तर ही व्याख्या लागूच होत नाही. एरर येत नाही, शून्य येत नाही, काही अंदाजही येत नाही. विचारलेलं वाक्य जसंच्या तसं परत मिळतं: ‘अ’चं क्षेत्रफळ, किंमत आल्यावर बघू. मूळ शोधणाऱ्याला कळतं की सूत्र मिळणार नाही. मग तो आकडे घालून, जवळजवळच्या किमतींमधल्या फरकावरून उताराचा अंदाज घेत पुढे जातो आणि मुकाट्यानं ३.०६ला पोहोचतो. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये तपासणी नापास झाली की प्रोग्राम तिथेच कोसळतो. इथे नापास होणं म्हणजे थांबणं. गणिताच्या स्वभावाला धरून असलेली ही रीत मला फार आवडते.

पण तपासणी नेमकी कशाची? इथे नवशिके हमखास फसतात, कारण न्यूमरिक-क्यूच्या शेजारीच नंबर-क्यू नावाची दुसरी तपासणी आहे. ३ किंवा २.५ दिलं तर दोघी हो म्हणतात. पाय (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) दिला की वाटा फुटतात. नंबर-क्यू ‘नाही’ म्हणते, न्यूमरिक-क्यू ‘हो’. मराठीत सांगायचं तर पहिली विचारते, ‘हे आकड्यांत लिहिलेलं आहे का?’ आणि दुसरी, ‘याची किंमत आकड्यांत निघू शकते का?’ पाय हे मॅथेमॅटिकाच्या दृष्टीनं एक चिन्ह आहे, पण त्याची किंमत ठरलेली आहे. २चं वर्गमूळ, त्या वर्गमूळाचा साइन, त्यात पाय मिळवून येणारी राशी, या सगळ्यांचं तेच. क्षेत्रफळाच्या फंक्शनला नंबर-क्यूचा पहारा लावला आणि कुणी ‘अ’ म्हणून पाय दिला, तर ते रास्त विनंतीही परत पाठवेल.

न्यूमरिक-क्यू हे ठरवण्यासाठी किंमत काढत बसत नाही, हे तिचं खरं कसब. ती राशीची रचना बघते: बाहेरचं फंक्शन संख्या घेऊन संख्या देणाऱ्यांपैकी आहे का, त्याच्या आत जे आहे ते संख्यात्मक आहे का, आणि असंच आत आत. त्यामुळे ती झटपट उत्तर देते. मात्र संख्यांची यादी दिली तर ती ‘नाही’ म्हणते, कारण यादी ही संख्या नव्हे. तिथे यादीतल्या एकेका घटकाला विचारावं लागतं.

तपासणी नसली तर काय होतं हे मॅटलॅब या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये चांगलं दिसतं. एकेरी अवतरणात ५ लिहा आणि त्यात १ मिळवा. उत्तर येतं ५४, कारण ५ या अक्षराचा संगणकातला क्रमांक ५३ आहे. दुहेरी अवतरणात लिहिलंत तर १ त्याच्या शेपटीला चिकटून ५१ होतं. दोन्हीकडे प्रोग्राम चालू राहतो, एरर येत नाही, आणि ६ कुठेच नाही. २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मॅटलॅबमध्ये आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेली किंमत, तपासण्यासाठी वेगळा विभाग लिहिता येतो, आणि त्यातही एक खाच आहे. तिथे आर्ग्युमेंटचा प्रकार ‘डबल’, म्हणजे दशांश संख्या, असा घोषित केला तर आलेली वस्तू आधी त्या प्रकारात बदलली जाते आणि मग तपासली जाते. एकेरी अवतरणातलं ५ दारातच ५३ होऊन आत शिरतं, आणि पुढची ‘संख्या आहे का’ ही तपासणी खुशाल हो म्हणते. बदल नको असेल तर प्रकार घोषित न करता नुसती तपासणी लिहायची.

याहून चिवट पाहुणा म्हणजे नॅन. १९८५च्या आयट्रिपलई ७५४ या मानकानं दशांश संख्यांचं अंकगणित ठरवून दिलं, आणि शून्याला शून्यानं भागण्यासारख्या प्रसंगांसाठी ही खास किंमत ठेवली. नावाचा अर्थ ‘संख्या नव्हे’, पण राहते ती संख्यांच्याच घरात. ती कुणापेक्षा लहान नाही, मोठी नाही, स्वतःइतकीही नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत १ आणि नॅन यांतली मोठी संख्या विचारा, १ येतो. क्रम उलटा करून विचारा, नॅन येतं. आता टक्केवारी तपासणारा कोड बघा: शून्यापेक्षा कमी असेल तर नाकार, शंभरापेक्षा जास्त असेल तर नाकार. नॅन दोन्ही दारांतून आत येतं, कारण दोन्ही तुलनांचं उत्तर ‘नाही’ आहे. तीच अट सरळ लिहा, शून्य ते शंभरच्या मध्ये असेल तरच घे, की ते बाहेर राहतं. माणसाला दोन्ही वाक्यं एकच वाटतात. मी आता नकाराच्या अटी लिहीतच नाही.

आणि आपले आकडे? मराठी माध्यमाच्या पहिलीत मूल १, २, ३ असंच गिरवतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरी अंकांना स्वतःच्या दहा जागा आहेत आणि ते दशमान अंक आहेत अशी नोंदही आहे. पायथन ही नोंद मानतो. अवतरणात ‘१२३’ लिहून त्याची पूर्णांक संख्या करायला सांगितलं तर तो बिनतक्रार एकशे तेवीस देतो, ‘१.५’चा दीडही करतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. ‘½’ या चिन्हाला मात्र पायथनची अक्षरं तपासणारी सोय ‘संख्यात्मक’ म्हणते, पण त्याची संख्या करायला गेलं की एरर येते. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी भाषा, आपल्या अंकांची नोंद मानत नाही. फॉर्मच्या रकान्यात कुणी ‘५’ लिहिलं आणि पानावरच्या कोडनं त्याची सरळ संख्या करायचा प्रयत्न केला, तर नॅन हाती येतं. त्या नॅनचा प्रकार काय असं जावास्क्रिप्टलाच विचारलं तर उत्तर मिळतं: ‘नंबर’.