१.३ मल्टिजेट: तुरीनहून रांजणगावला आलेल्या डिझेल इंजिनाची पार्श्वभूमी

मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, सियाझ आणि ब्रेझा, टाटांच्या इंडिका व्हिस्टा, मान्झा आणि झेस्ट, फियाटच्या लिनिया आणि पुंटो, शेवरोलेची सेल. लोगो चार कंपन्यांचे, पण यांच्या डिझेल गाड्यांचं बॉनेट उघडलं की आत इंजिन एकच: १,२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा वाल्व्ह. कोणी त्याला डीडीआयएस म्हणालं, कोणी क्वाड्राजेट, कोणी मल्टिजेट. गाड्यांवर लिहिणाऱ्यांनी तर त्याचं नावच 'भारताचं राष्ट्रीय इंजिन' करून टाकलं.

यातल्या बऱ्याच गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि मीटर दीड-दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेलं आहे. त्यांची दुखणी ठरलेली आहेत. ती नीट कळायची तर हे इंजिन कुठून आलं आणि का असं घडलं ते पाहावं लागतं, कारण आज जो भाग त्रास देतो तो त्या काळी कुठल्यातरी अडचणीवरचं उत्तर म्हणून बसवलेला होता.

आपल्याकडची जुनी डिझेल कार म्हणजे अँबेसेडर, १,३६६ सीसीची प्रीमियर पद्मिनी १३७डी, आणि १९९८ साली आलेली टाटा इंडिका. इंडिकाचं १,४०५ सीसीचं इंजिन टर्बोशिवाय (हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणाऱ्या यंत्राशिवाय) ५३-५४ पीएस ताकद द्यायचं. या सगळ्यांत डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात फवारलं जाई, तिथे पेट घेई आणि मग मुख्य सिलिंडरमध्ये येई. त्यामुळे इंजिनाचा ठोका थोडा मऊ व्हायचा, पण उष्णतेचा बराच भाग त्या कप्प्याच्या भिंतींत जिरायचा. पंप पूर्ण यांत्रिक, वायरिंग नावापुरतं. सिलिंडर मिसिंग करतोय का हे पाहायला मेकॅनिक चालू इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपचा नट एकेक करून ढिला करायचा; ज्याचा नट सोडूनही आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेला, असं सरळ निदान. (ही सवय पुढे किती घातक ठरते ते खाली येईलच.)

डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं तर दोन अडचणी होत्या: आवाज आणि धूर. सगळं इंधन एकदम पेटलं की दाब झटक्यात चढतो, आणि डिझेलचा तो ओळखीचा 'खडखड' ठोका येतो. यावर इटलीतल्या तुरीनच्या फियाटच्या संशोधन केंद्राने आणि मॅग्नेटी मरेली या तिच्या सुट्या भागांच्या कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलं. पंपाने प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दाब तयार करायचा नाही. एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, सतत प्रचंड दाबाने डिझेल भरून ठेवायचं आणि इंजेक्टर केव्हा व किती वेळ उघडायचा ते संगणकाने ठरवायचं. हीच कॉमन रेल. प्रत्यक्ष उत्पादनात उतरवण्याचे हक्क नंतर बॉश या जर्मन कंपनीकडे गेले, आणि १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल डिझेल असलेली पहिली प्रवासी कार ठरली. तेव्हा रेलमधला दाब १,३५० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) जाई. आधी थेंबभर डिझेल फवारून सिलिंडर तापवायचा आणि मग मुख्य फवारा, एवढ्याने आवाज कमालीचा उतरला.

मल्टिजेट ही त्याची पुढची पायरी. एका फेऱ्यात दोनऐवजी पाचपर्यंत फवारे. त्यासाठी इंजेक्टर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात उघडून मिटायला हवा. सुईची आणि बॉडीची फट मायक्रॉनमध्ये मोजावी लागते, आणि म्हणूनच डिझेलमधल्या पाण्याचा थेंब किंवा बारीकसा कचरा तिला सहन होत नाही. जुनी इंडिका रॉकेल मिसळलेल्या डिझेलवरही कण्हत चालायची, हे इंजिन तसं चालणार नाही.

२००० साली जनरल मोटर्सने फियाट ऑटोमध्ये २० टक्के हिस्सा घेतला आणि दोघांनी इंजिनांसाठी एकत्र कंपनी काढली. छोट्या युरोपीय गाड्यांत बसेल असं डिझेल इंजिन हवं होतं. २००३ मध्ये पोलंडमधल्या बिएल्स्को-बिआवा इथे १.३ मल्टिजेटचं उत्पादन सुरू झालं. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, पिस्टनची चाल ८२ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, वर दोन कॅमशाफ्ट. सुरुवातीची ताकद ७० पीएस. २००५ मध्ये १ ते १.४ लिटर गटात त्याला वर्षातल्या सर्वोत्तम इंजिनाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी फियाट आणि जीएम वेगळे झाले, पण इंजिन बनवण्याचे हक्क दोघांकडे राहिले. शेवरोले हा जीएमचाच ब्रँड; सेलमध्ये हे इंजिन दिसतं ते यामुळे.

या इंजिनाचा एक निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: वाल्व्ह पिस्टनच्या तालात उघडायला लावणाऱ्या टायमिंग बेल्टऐवजी चेन. बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो; चेन इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकेल, असा हिशेब होता. युरोपात अडीच लाख किलोमीटरचं आयुष्य आणि ३०,००० किलोमीटरला एकदा ऑइल बदल, अशी जाहिरात झाली. जागा वाचवायला चेन एकेरी ठेवली आणि ती ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालवला. इथेच ग्यानबाची मेख आहे. चेंबरमध्ये ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास मावतं. त्यातलं लिटरभर कमी झालं, किंवा जुनं होऊन काजळीने घट्ट झालं, की सकाळी सेल्फ मारल्यावर टेन्शनरपर्यंत दाब पोहोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ चेन सैल राहते आणि ती ज्या पट्टीवरून सरकते त्या मार्गिकेवर आपटते. इंजिनाच्या टायमिंग कव्हरच्या बाजूने दोन-तीन सेकंद 'खर्रर्र' असा कोरडा आवाज येतो. हा आवाज लांबत गेला की चेन, टेन्शनर, मार्गिका आणि स्प्रॉकेट (दातेरी चाक) असा पूर्ण संच बदलायचा. नुसती चेन घालून भागत नाही. चेनने दात सोडला तर पिस्टन वाल्व्हवर आपटतात. बहुतेक वेळा आधी वाल्व्ह दाबणारे रॉकर तुटतात, नशीब खराब असेल तर वाल्व्हही वाकतात.

भारतात कंपन्यांनी ऑइल बदलाचं अंतर १०,००० ते १५,००० किलोमीटरवर आणलं, हे शहाणपणाचं झालं. शहरातल्या कोंडीत चालणाऱ्या गाडीला मी १०,००० च्या पुढे जाऊ देणार नाही. ग्रेड बहुतेक ठिकाणी ५डब्ल्यू-३०. आपल्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेच घालायचं. आणि दर हजार किलोमीटरला डिपस्टिक काढून पाहायची. तीन लिटरच्या इंजिनात अर्धा लिटर म्हणजे सहावा हिस्सा.

भारतात हे इंजिन दोन वाटांनी आलं. सुझुकीने फियाटकडून परवाना घेऊन हरियाणातल्या मानेसरला ते बनवायला घेतलं आणि जानेवारी २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली. दुसरी वाट महाराष्ट्रातली. पुणे-नगर रस्त्यावर, महागणपतीच्या रांजणगावात फियाट आणि टाटा यांचा निम्म्या-निम्म्या भागीदारीचा कारखाना उभा राहिला. तिथून फियाटच्या गाड्यांना आणि टाटांच्या व्हिस्टा-मान्झाला इंजिनं जाऊ लागली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरला सुमारे ३० रुपयांचा फरक होता. डिझेल गाड्यांना एवढी मागणी होती की मानेसरचं उत्पादन पुरेना, आणि मारुतीनेही रांजणगावहून इंजिनं घ्यायचा करार केला.

आपल्याकडे दोन प्रकार आले. एक ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटरचा, साध्या टर्बोचा. दुसरा ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटरचा, ज्याच्या टर्बोतल्या पात्या वेगानुसार कोन बदलतात. साध्या टर्बोच्या गाडीत मिनिटाला २,००० फेऱ्यांखाली इंजिन मलूल वाटतं आणि त्यापुढे एकदम उसळी घेतं. त्यामुळे घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेले चालक 'पिकअप गेला' म्हणून गॅरेजला येतात. बिघाड काही नसतो. गिअर खाली घ्यायचा असतो. खरोखर पिकअप गेला आणि सोबत काळा धूर असेल, तर टर्बो उतरवण्याआधी इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) रबरी होस पाहावेत. क्लिपजवळ बारीक चीर आणि तिच्याभोवती तेलकट ओल दिसली तर खर्च हजारांत मिटतो. पात्यांच्या टर्बोत काजळी बसून पात्या अडकतात. मग इंजिन स्वतःच ताकद कापतं. चाबी बंद-चालू केली की तात्पुरतं बरं वाटतं, हीच त्याची खूण.

काजळीचं मूळ उत्सर्जनाच्या नियमांत आहे. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला ईजीआर वाल्व्ह धुराचा काही भाग पुन्हा आत घेतो. त्यातली काजळी आणि ब्रीदरच्या नळीतून येणारी ऑइलची वाफ एकत्र होऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, डांबरासारखा थर धरतात. रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हा थर लवकर साचतो. वाल्व्ह काढून साफ करता येतो. तो पत्रा लावून बंद करणं हा उपाय नव्हे, तो नियमभंग आहे.

आता इंजेक्टर. गाडी सकाळी सेल्फ खूप घेते, तेव्हा आधी बॅटरी, हीटर प्लग आणि डिझेल फिल्टर पाहावा. फिल्टरमध्ये पाणी साचतं ते वेळच्या वेळी सोडायचं. फिल्टर बदलल्यावर लाइनने हवा पकडलेली असते, ती आधी काढायची. कोरड्या पंपावर सेल्फ मारत बसलं तर पंप झिजतो. हे सगळं ठीक असेल तर रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची, चाचणी. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपच्या जागी पारदर्शक नळ्या लावून त्या सारख्या आकाराच्या चार बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं आयडलला ठेवायचं. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथीत दुप्पट-तिप्पट, असं दिसलं की तो इंजेक्टर आतून गळतोय. त्याच्यामुळे सेल्फच्या वेळी रेलमध्ये पुरेसा दाब चढत नाही आणि इंजेक्टर उघडतच नाहीत. इथे जुन्या सवयीने चालू इंजिनावर नट ढिला करू नये. शेकडो बारच्या दाबाची धार कातडीतून आत शिरते आणि बोट गमावायची वेळ येते. कोणता सिलिंडर कमी पडतोय ते स्कॅनरवर दिसतं. इंजेक्टर बदलला तर त्याच्या डोक्यावर छापलेला कोड ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरायचा. नाहीतर आयडल डुगडुगत राहतो.

इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो दबून गळू लागला की 'फच-फच' आवाज येतो आणि भोवती काळा डांबरी थर जमतो. दर वेळी नवा वॉशर लावायचा आणि बसण्याची जागा कटरने साफ करायची. थर जितका जुना, तितका इंजेक्टर हेडमध्ये पक्का अडकतो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर मोकळे झाले आणि पेट्रोलशी असलेली दरी अरुंद होत गेली. बीएस-६ या नव्या उत्सर्जन नियमांसाठी धुराच्या फिल्टरसकट महागडी यंत्रणा लागणार होती, आणि छोट्या गाडीत तिचा खर्च निघत नव्हता. मारुतीने एप्रिल २०१९ मध्ये डिझेल बंद करण्याची घोषणा केली, आणि १ एप्रिल २०२० पासून १.३ भारतातल्या नव्या गाड्यांतून गेलं.

सुटे भाग अजून मुबलक मिळतात. फक्त ७५ आणि ९० पीएसचे टर्बो आणि ईसीयू एकमेकांना चालत नाहीत, म्हणून भाग मागवताना चॅसिस नंबर द्यावा. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, कारण चेनचा तो आवाज थंड इंजिनाच्या पहिल्या तीन सेकंदांतच ऐकू येतो.