पॅरामोटर : इंधनखर्च आणि इंजिनाची कार्यक्षमता

पाठीवर इंजिन आणि प्रोपेलर घेऊन पॅराग्लायडरच्या पंखाखाली उडण्याला पॉवर्ड पॅराग्लायडिंग म्हणतात. या यंत्राला पॅरामोटर हे नाव रूढ आहे. इंजिन बहुधा एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक असते. त्याची क्षमता ८० ते २५० सीसीच्या आसपास असते. एकट्या वैमानिकाला समपातळीवर उडवताना ते तासाला साधारण अडीच ते चार लिटर पेट्रोल पिते. टाकी १० ते १३ लिटरची असते, म्हणजे हवेत तीन-चार तास मिळतात. ‘तासाला इतके लिटर’ हा आकडा इंजिनाचा गुण म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा पंखाचा, एकूण वजनाचा आणि थ्रॉटल दाबणाऱ्या बोटांचा असतो. सोबत वजन, पंखाचा आकार आणि वेग दिलेला नसेल, तर त्या आकड्यावरून दोन इंजिनांची तुलना करता येत नाही.

किती शक्ती लागते

वैमानिक ८० किलो, इंजिन व प्रोपेलरभोवतीचा पिंजरा २५ किलो, पंख ६ किलो आणि उरलेले ९ किलो पेट्रोल, हेल्मेट व राखीव पॅराशूटचे, असे एकूण १२० किलो धरू. वेग ताशी ३८ किमी, म्हणजे सेकंदाला १०.५ मीटर. चांगला पंख एकटा असेल तर एक मीटर उंची गमावताना आठ-नऊ मीटर पुढे जातो. पिंजरा, जाळी आणि बसलेल्या माणसाचा अडथळा धरला की हे प्रमाण सातवर येते. म्हणून उंची टिकवायला १२० भागिले ७, म्हणजे सुमारे १७ किलोचा रेटा पुरतो. या वेगाला त्याची शक्ती भरते १.७५ किलोवॅट, जेमतेम २.४ अश्वशक्ती.

ही शक्ती हवेपर्यंत पोहोचवताना पहिली गळती प्रोपेलरवर होते. १.२५ मीटर व्यासाचा प्रोपेलर या वेगाला तत्त्वतः ७३ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. पात्यांचे घर्षण आणि समोर बसलेल्या माणसाने अडवलेली हवा धरली, तर हातात ५५ टक्के उरतात. मग इंजिनाच्या दांड्यावर ३.२ किलोवॅट लागतात. इंजिनाची फिरकी प्रोपेलरला देणाऱ्या पट्ट्यात किंवा गिअरमध्ये आणखी काही टक्के जातात. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. तासाला ३ लिटर जळत असतील तर ९६ मेगाज्यूल ओतले जातात, त्यातले दांड्यावर येतात साडेअकरा आणि उड्डाणाच्या कामी लागतात सव्वासहा. म्हणजे इंजिनाची कार्यक्षमता सुमारे १२ टक्के आणि सगळ्या यंत्रणेची साडेसहा. पंधरा लिटरांतला एकच लिटर माणसाला उचलून धरतो, बाकीचे धूर, उष्णता आणि आवाज होऊन जातात. वारा नसेल तर हे लिटरला पावणेतेरा किलोमीटर पडते. शंभर सीसीची साधी मोटारसायकल रस्त्यावर पन्नास-साठ देते.

टू-स्ट्रोकचे नुकसान कुठे होते

टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येते तेव्हा जळालेला वायू बाहेर जाण्याचा मार्गही उघडाच असतो, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते. फुगीर पोटाचा ट्यून्ड एक्झॉस्ट दाबाची लाट परत पाठवून हे मिश्रण पुन्हा आत ढकलतो. पण इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे एका ठरावीक टप्प्यात असतील तरच ती लाट वेळेवर पोहोचते, आणि हा टप्पा बहुधा पूर्ण शक्तीच्या जवळ असतो. सपाट उड्डाणात इंजिन त्याच्या बरेच खाली फिरते.

मोठ्या इंजिनाचा खर्च इथेच वाढतो. इटलीच्या विट्टोराझी कंपनीचे मोस्टर १८५ हे प्रचलित इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देते. वरच्या हिशेबातला वैमानिक त्यातल्या चार-साडेचार वापरतो, म्हणजे इंजिन क्षमतेच्या सहाव्या भागावर चालते. थ्रॉटल जवळजवळ मिटलेला, एक्झॉस्टची लाट चुकलेली आणि मिश्रणही बहुधा गरजेपेक्षा रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), अशी तिथली अवस्था असते. त्याच कंपनीचे अ‍ॅटम ८० किंवा त्या गटातले दुसरे इंजिन हेच काम आपल्या क्षमतेच्या तिसऱ्या भागावर करते आणि हलक्या वैमानिकाला तासाला दोन-अडीच लिटरांत भागवते. मात्र नव्वद-पंच्याण्णव किलोच्या माणसाने बचतीसाठी ८० सीसी घेतले, तर त्याला उड्डाण घेताना आणि चढताना जवळजवळ पूर्ण थ्रॉटल द्यावा लागतो. बचत फारशी उरत नाही, पिस्टन व रिंगा लवकर जातात आणि दमट, उष्ण दुपारी उड्डाण घेताना धावपट्टी संपायला येते. फोर-स्ट्रोक इंजिने थोड्या थ्रॉटलवर स्पष्टपणे किफायती असतात. ब्रिटनमधील बेली हे नाव त्यासाठी ओळखले जाते. पण त्यांचे वजन काही किलोंनी जास्त असते आणि ते पळताना पायांना जाणवते.

प्रोपेलर

मोठा व्यास आणि सावकाश फिरणे, हे कार्यक्षमतेचे सूत्र आहे. १.२५ ऐवजी १.४० मीटरचा प्रोपेलर घेतला, तर सपाट उड्डाणात तत्त्वतः ७३ चे ७६ टक्के होतात. फरक थोडा वाटतो, पण चढताना तो वाढतो. ६० किलोच्या रेट्याला लहान प्रोपेलर ५१ टक्क्यांवर घसरतो, मोठा ५५ वर थांबतो. पिंजरा मोठा झाला की अडथळा आणि वजन वाढते, म्हणून १.२५ ते १.३० मीटरवर बहुतेक जण थांबतात.

पात्याचा पिच, म्हणजे तिरपेपणाचा कोन, इंजिनाशी जुळला पाहिजे. जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला उत्पादकाने सांगितलेले फेरे येत नसतील, तर एक तर पिच जास्त आहे किंवा इंजिन अशक्त आहे. अशा प्रोपेलरने इंजिन एक्झॉस्टच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. उलट, फेरे मर्यादेपलीकडे जात असतील तर पिच कमी आहे किंवा पट्टा घसरतो आहे. पट्टा घसरला की इंजिन ओरडते पण रेटा वाढत नाही, आणि पुलीजवळ काळी रबरी पूड दिसते. पात्याच्या पुढच्या कडेचे टवके हा खर्चाचा दुर्लक्षित स्रोत आहे. खडी उडणाऱ्या मैदानावरून काही उड्डाणे झाली की कडेवर बोट फिरवून पाहावे. टेप चिकटवला असेल तर तो दोन्ही पात्यांवर सारख्याच वजनाचा हवा, नाहीतर थरथर सुरू होते.

पंख, वजन आणि वारा

त्याच पंखाखाली वजन १० टक्के वाढले की लागणारी शक्ती सुमारे १५ टक्के वाढते, कारण रेटाही जास्त लागतो आणि वेगही वाढतो. अंतरामागे मात्र वाढ १० टक्क्यांचीच राहते. लहान पंखाचेही असेच आहे. तो तासाला जास्त पेट्रोल खातो, पण तितकाच पुढेही नेतो, म्हणून किलोमीटरमागे फारसा फरक पडत नाही. लहान पंखांना ‘पेट्रोलखाऊ’ म्हणताना हे विसरले जाते.

खरा फरक ट्रिमरने, म्हणजे पंखाच्या मागच्या दोऱ्या ओढण्या-सोडण्याच्या पट्टीने, पडतो. रिफ्लेक्स पंखात ट्रिमर सोडला की पंखाची मागची कड वर वळते. पंख वेगवान होतो, कोसळायला कमी तयार होतो आणि सरकण्याचे प्रमाण बिघडते. त्यावर स्पीडबारही (पायाने दाबायची वेगवाढीची दांडी) दाबला, तर तासाचा खर्च दुपटीजवळ जाऊ शकतो. हवेत जास्तीत जास्त वेळ राहायचे असेल तर ट्रिमर ओढलेले आणि वेग किमान घसरणीचा ठेवावा. अंतर कापायचे असेल तर त्याहून किंचित जलद जावे.

वाऱ्यापुढे बाकी सगळे आकडे किरकोळ ठरतात. ताशी ३८ किमी आणि तासाला ३ लिटर धरले, तर शांत हवेत शंभर किलोमीटरला ७.९ लिटर लागतात. समोरून २० किमीचा वारा असेल तर १६.७, आणि तोच मागून असेल तर ५.२ लिटर. समोरच्या वाऱ्यात खर्च वाढला तरी वेग वाढवणेच परवडते. पाठच्या वाऱ्यात ट्रिमर ओढून सावकाश जावे. म्हणून जाऊन-येऊन करायच्या उड्डाणात आधी वाऱ्याविरुद्ध जाण्याचा नियम पाळतात.

स्पेनचे रामोन मोरियास यांनी २३ एप्रिल २००७ रोजी हेरेस दे ला फ्रोंतेरा येथून कॅनरी बेटांतील लान्सारोतेपर्यंत न उतरता १,१०५ किमी अंतर कापले. त्यासाठी त्यांनी वापरलेला अ‍ॅडव्हान्स सिग्मा हा विनाइंजिन उड्डाणाचा, चांगला सरकणारा पंख होता, वेगवान मोटर-पंख नव्हे. ताशी ३८ किमीने शांत हवेत या अंतराला २९ तास लागले असते, यावरून पाठच्या वाऱ्याचे मोल कळते. फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनलच्या पॅरामोटर स्पर्धांत मोजून दिलेल्या पेट्रोलवर जास्तीत जास्त वेळ किंवा अंतर काढण्याचे प्रकारही असतात. तिथे इंजिन बंद करून ऊर्ध्वप्रवाहात घिरट्या घेणारे पुढे जातात.

चढाईचा खर्च वाटतो तितका वाया जात नाही. १२० किलो ५०० मीटर वर न्यायला सुमारे पाव ते एक-तृतीयांश लिटर जादा लागते. तीच उंची इंजिन मंद ठेवून सोडली तर तीनेक किलोमीटर मिळतात, म्हणजे पाव लिटरच्या जवळपास परत येते. वाया जाते ते सतत रेस देऊन-सोडून केलेल्या खाली-वर उड्डाणात. बोटे स्थिर ठेवणारा आणि धसमुसळा असे दोन वैमानिक एकाच यंत्रावर तासाला लिटरभराच्या फरकाने उडू शकतात.

मिश्रण आणि कार्ब्युरेटर

वाल्ब्रो जातीच्या पडदावाल्या कार्ब्युरेटरला फ्लोट नसतो, म्हणून तो कसाही तिरपा झाला तरी चालतो. त्याला हाय आणि लो असे दोन स्क्रू असतात. सुरुवात स्क्रू पुस्तिकेत सांगितलेले फेरे उघडून करावी. यंत्र भक्कम आधाराला बांधून, प्रोपेलरच्या पातळीत कोणीही नाही हे पाहून, इंजिन गरम झाल्यावर पूर्ण थ्रॉटल द्यावा आणि हाय स्क्रू अगदी हळू आत फिरवावा. इंजिनाचे फेरे वाढत वाढत एका टोकाला पोहोचतात. तिथे न थांबता स्क्रू साधारण एक-अष्टमांश फेरा परत उघडावा, म्हणजे शंभर-दोनशे फेरे उतरतात. ही थोडी रिच बाजू पिस्टनला थंड ठेवते. त्यानंतर लो स्क्रू मंद गती आणि पिकअपसाठी लावावा. सपाट उड्डाणाच्या थ्रॉटलवर इंजिन एक ठोका सोडून एक जळल्यासारखे गुरगुरत असेल, तर तिथे मिश्रण फार रिच आहे. बऱ्याच यंत्रांतले फुकट जाणारे पेट्रोल याच गुरगुरीत असते.

खर्च हळूहळू वाढला तर रीडची (इनटेकमधल्या पातळ पात्यांच्या झडपेची) तुटलेली टोके, झिजलेल्या रिंगा, एक्झॉस्टमधला कार्बन किंवा कार्ब्युरेटरमधली नीट न बसणारी सुई तपासावी. खर्च अचानक घटला तर मात्र खूश होऊ नये. बेस गॅस्केट, क्रँकचे सील किंवा चिरलेला रबरी इनटेक यातून हवा ओढली जाते, मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होते, तापमान चढते आणि पिस्टन सीझ होतो किंवा त्याला भोक पडते. मंद गतीला फेरे आपोआप वाढणे, थ्रॉटल सोडल्यावर ते उशिरा उतरणे आणि सिलिंडर हेडचे तापमान नेहमीपेक्षा पंधरा-वीस अंशांनी वर राहणे, ही त्याची चिन्हे आहेत. अशा वेळी हाय स्क्रू उघडून वेळ मारून नेण्यात अर्थ नाही, गळती शोधावी लागते.

उंचीवर उलटे होते. पाचगणीच्या सुमारे १,३०० मीटर उंचीवर ३० अंश तापमानाला हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा १९ टक्के कमी असते. शक्ती जवळपास तितकीच घटते, मिश्रण रिच होते आणि उड्डाणासाठी १० टक्के जास्त वेगाने पळावे लागते. तिथे लीन करून घेतलेले इंजिन कोकण किनाऱ्यावर तसेच चालवू नये.

पेट्रोल आणि ऑइल

ऑइलचे प्रमाण बहुतेक उत्पादक २ ते २.५ टक्के सांगतात, म्हणजे ५ लिटरला १०० ते १२५ मिली. ते जेएएसओ या जपानी मानकाच्या एफडी दर्जाचे पूर्ण सिंथेटिक असावे. जुन्या स्कूटरांसाठी मिळणारे स्वस्त टू-टी ऑइल कार्बन जास्त धरते. ऑइल वाढवले की इंजिन सुरक्षित होते, ही समजूत अर्धवट आहे. ऑइलने पेट्रोलची जागा घेतल्याने मिश्रण उलट लीन होते.

भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यात लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी असते. शिवाय जळायला हवा कमी लागते, त्यामुळे निव्वळ पेट्रोलवर लावलेला स्क्रू या पेट्रोलवर लीन ठरतो. म्हणून सेटिंग त्याच पेट्रोलवर करावी लागते. इथेनॉल कार्ब्युरेटरचे पडदे आणि नळ्याही कडक करते. पिवळी पडून ताठ झालेली नळी लगेच बदलावी. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली आणि पाणी जास्त शिरले, तर पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि इंजिन नेमके तळाचे, ऑइलविना द्रव ओढते. उड्डाण संपले की टाकी रिकामी करणे हाच उपाय.

मोजणी आणि राखीव

टाकीवरच्या रेघांवर विसंबू नये. यंत्र पाठीवर तिरपे असताना त्या खोटे बोलतात. भरलेले यंत्र उड्डाणाआधी आणि नंतर काट्यावर तोलावे. लिटरला ०.७४ किलो धरून फरक काढावा आणि फक्त इंजिन चालू असल्याच्या वेळेने भागावे. उड्डाण घेण्याचे व चढाईचे पेट्रोल त्यात मिसळत असल्याने अर्ध्या तासाच्या उड्डाणाचा आकडा नेहमी फुगलेला येतो. तासाभराहून मोठी, शांत सकाळची उड्डाणे मोजावीत.

तळाचे अर्धा लिटर शोषनळीला मिळेलच असे नाही, आणि वळणात तर पेट्रोल एका बाजूला जाऊन नळीत हवा शिरते. म्हणून दोन लिटर उरले की उतरायची जागा नजरेत असली पाहिजे. हवेत टाकी पाहायला हातात छोटा आरसा ठेवतात. पेट्रोल असूनही चढाईत इंजिन गुदमरून बंद पडले, तर सर्वांत आधी टाकीची हवानळी पाहावी. वाहतुकीत गळू नये म्हणून घातलेले बूच बरेचदा तसेच राहिलेले असते.