स्पॅनिश आज्ञार्थात स्वर का बदलतो? : पार्श्वभूमी

स्पॅनिश शिकणारे आज्ञार्थापाशी हमखास अडखळतात. क्रियापद 'दोर्मीर', म्हणजे झोपणे. पण एका मुलाला 'झोप' म्हणायचं तर 'दुएर्मे'. चार मुलांना सांगायचं झालं की स्पेनमध्ये 'दोर्मीद', म्हणजे मूळचा 'ओ' पुन्हा हजर. वर्गात ही रूपं 'अनियमित' म्हणून घोकून घेतात. मला ते पटत नाही. नियम आहे, फक्त तो स्पॅनिशची आई असलेल्या लॅटिनच्या उच्चारात दडलाय.

लॅटिनमध्ये एकाला 'दोर्मी' म्हणत, अनेकांना 'दोर्मीते'. पहिल्यात आघात (उच्चारातला जोर) 'दोर्'वर, दुसऱ्यात 'मी'वर. कॅस्टिलियन, म्हणजे आजची स्पॅनिश, घडताना आघाताखालचा मूळ ऱ्हस्व 'ओ' फुटून 'उए' झाला, ऱ्हस्व 'ए'चा 'इए'. आघात नसलेला स्वर फुटला नाही. 'मोवेर' (हलवणे) याचे 'मुएवे' आणि 'मोवेद' असेच झाले. शब्द लांबला की आतला स्वर बदलतो, हे 'फूल – फुलाला' म्हणणाऱ्या मराठी माणसाला विचित्र वाटू नये. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये स्वर असा फुटलाच नाही, त्यामुळे १९६१ पूर्वी गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांना ही डोकेदुखी नव्हती.

पुढे लोकांनी नियम आपल्या मनाने ताणला. 'सेम्ब्रार' (पेरणे) यात लॅटिनचा दीर्घ 'ए'. तो फुटायला नको होता, तरी 'सिएम्ब्रा' रूढ झालं. उलट 'एन्त्रेगार' (सोपवणे) याचं जुनं 'एन्त्रिएगा' मागे पडून सरळ 'एन्त्रेगा' राहिलं.

आदरार्थी आज्ञेची वाट निराळी. 'उस्तेद' (आदराने 'आपण') हे 'वुएस्त्रा मेर्सेद' या आदरार्थी संबोधनाचं झिजलेलं रूप. व्याकरणाने ते तृतीय पुरुषी, म्हणून आज्ञेऐवजी इच्छार्थी रूप वापरतात: 'दुएर्मा', म्हणजे 'आपण निजावे'. नकारालाही तेच रूप लागतं: 'नो दुएर्मास', झोपू नकोस. 'आपण झोपू या' म्हणताना मात्र 'दुर्मामोस'. लॅटिन 'दोर्मियामुस'मधल्या 'य'ने अलीकडचा 'ओ' वर ओढून 'उ' केला.

अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसमध्ये जवळच्या एकाला 'वोस' (तू) म्हणतात आणि त्याची आज्ञा 'दोर्मीद'मधला शेवटचा 'द' गळून आलेली: 'दोर्मी', आघात शेवटी. स्वर फुटायचा प्रश्नच नाही. तिथे शिकणाऱ्याची एका मित्राला 'झोप' म्हणताना या भानगडीतून सुटका होते. 'उस्तेद'ला मात्र तिथेही 'दुएर्मा'च म्हणावं लागतं.